द्राक्षाची गोडी छाटणी: मागच्या हंगामातला पेस्टचा कॅन उघडू नका

पाऊस अजून हटलेला नाही आणि द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची छाटणी, तोंडावर आहे. कसमादेतल्या (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) अर्ली बागा केव्हाच पुढे गेल्या; आता निफाड, दिंडोरी, चांदवडकडे मजुरांच्या टोळ्या ठरू लागल्यात. बाकी कामं तुम्हाला पाठ आहेत. एकच गोष्ट बजावून सांगायची आहे: गेल्या वर्षी उरलेलं आणि उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये तापलेलं हायड्रोजन सायनामाईड काडीला लावू नका. काडीवरचे डोळे, म्हणजे कळ्या, फोडायचं हे औषध; त्यालाच आपण पेस्ट म्हणतो.

दरवर्षी बागा यातूनच बिघडताना पाहतो. कॅनमध्ये चार लिटर शिल्लक असतं, महागाचं असतं, म्हणून तेच वापरलं जातं. मग एका काडीवर दोन डोळे फुटलेले, तिसरा झोपलेला. एका ओळीत पोंगा (नुकताच उमलणारा कोंब), शेजारच्या ओळीत पाच पानं. डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) कोणत्या घडाच्या मापाने करायचं तेच कळत नाही. कोवळी फूट बागेत जास्त दिवस राहते आणि त्यात पाऊस आला की डाऊनीला (केवडा रोगाला) रोज नवीन पान मिळतं. फवारण्या वाढतात, काढणी तुकड्यातुकड्याने होते. दोष मात्र जातो हवामानाला.

कारण साधं आहे. सायनामाईडचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि डायसायनडायमाईड तयार होतं. डोळे फोडायला त्याचा उपयोग नाही. ही क्रिया उष्णतेने आणि अल्कधर्मी सामूमध्ये (pH) वेगाने होते. म्हणूनच कारखान्यात हे द्रावण थोडं आम्ल ठेवतात आणि २० अंशांखाली साठवायला सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शेडच्या आत काय तापमान असतं ते तुम्हीच बघा. जास्त तापलं तर ही क्रिया स्वतःच उष्णता सोडते आणि कॅन फुगतो. फुगलेल्या कॅनचं झाकण फिरवू नका. सावलीत, माणसांपासून लांब ठेवा आणि विक्रेत्याला उचलायला लावा. विहिरीत, चारीत ओतायचं तर नावच काढू नका.

दुकानात उत्पादनाची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘जुना स्टॉक, दोनशे कमी द्या’ म्हणणारे भेटतातच. दोघातिघांनी मिळून ताजा कॅन आणा, त्याच आठवड्यात संपवा. सोबत ‘एकसारख्या फुटीचं टॉनिक’ गळ्यात मारतील, ते राहू द्या. तेवढ्या पैशात काडीचे डोळे प्रयोगशाळेत तपासून येतात.

सायनाईड म्हणून काही जण या औषधाला घाबरतात, तेवढं स्पष्ट करतो. कार्बन आणि नायट्रोजनची तीच जोडी या सगळ्या नावांत आहे. अशा दोन जोड्या एकत्र आल्या की सायनोजन वायू, जोडीला नुसता हायड्रोजन लागला की हायड्रोजन सायनाईड, आणि अमाईन गट लागला की आपलं सायनामाईड. पहिले दोन जीवघेणे वायू. कोवळ्या ज्वारीने जनावराला किराळ लागते ती सायनाईडचीच बाधा. सायनामाईड मात्र काडीत सायनाईड सोडत नाही, जमिनीत त्याचा युरिया होतो. डोळ्यातलं कॅटलेज नावाचं विकर (एन्झाइम) ते अडवतं, पेरॉक्साईड वाढतं आणि तो ताण बसला की डोळा जागा होतो. आपल्याकडे थंडी पुरेशी पडत नाही, म्हणून ही युक्ती.

५० टक्के द्रावणाचं प्रमाण साधारण ३० ते ४० मिलि प्रति लिटर. काडी जाड असेल तर वरचं टोक, ऊन तापलं असेल तर खालचं. छाटणीनंतर ४८ तासांच्या आत लावा. डोळा कापसल्यावर (फुगून कापसासारखा दिसू लागल्यावर) लावाल तर तोच जळेल. माझा अंदाज असा की चारनंतर लावलेली पेस्ट दुपारच्या पेस्टपेक्षा चांगली लागते. ढग दाटले असतील तर छाटणीच एक दिवस पुढे ढकला. पेस्ट वाळायच्या आत सर आली तर पैसा वाहून गेला. बोअरच्या पाण्याचा सामू आधी बघा. बोर्डोमध्ये (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात) मिसळू नका, त्यातल्या चुन्याने सामू चढतो.

बाकी कामं:
- पानगळ, काडी तपासणी
- रोगट काड्या बागेबाहेर
- रंग टाकून पेस्ट, प्लास्टिकच्या भांड्यात
- बोर्डो १ टक्का, पेस्ट वाळल्यावर, वेगळ्या दिवशी
- पोंग्यापासून डाऊनीची नजर

आणि दारू. पेस्ट लावणाऱ्याने आदल्या दिवसापासून पुढचा आठवडाभर थेंबही घेऊ नये. सायनामाईड शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं, ॲसिटाल्डिहाइड साठतं: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, धाप. दारू सोडवण्याच्या औषधांत हाच गुण वापरला गेला आहे. मालकाने टोळीला हे सकाळीच सांगावं, संध्याकाळी मजुरी हातात पडल्यावर नाही. युरोपियन संघाने २००८ मध्ये या औषधाला मान्यता नाकारली, तीही ते हाताळणाऱ्या माणसांच्या आरोग्याच्या काळजीने. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांना चष्मा. कुणाला त्रास झालाच तर कॅनचं लेबल घेऊन दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना ‘सायनाईड’ नव्हे, ‘सायनामाईड’ असं स्पष्ट सांगा. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.