पोर्तुगीज आणि फिलॉसॉफी एकाच डिग्रीत करायचंय? मग हे बघून घ्या

जॉइंट डिग्री म्हणजे अर्धं हे, अर्धं ते असं वाटतं, पण दोन्ही डिपार्टमेंटना तुम्ही पूर्ण त्यांचेच वाटता आणि एकमेकांना विचारून टाइमटेबल कुणीच लावत नाही. म्हणून टर्म सुरू झाली की सगळ्या सबमिशनच्या तारखा एकाच कागदावर उतरवा, दोन निबंध एकाच आठवड्यात येत असतील तर तेव्हाच ट्यूटरच्या कानावर घाला, ऐनवेळी कोणी दाद देत नाही.

भाषा रोज लागते, अर्धा तास का होईना पण रोज. फिलॉसॉफीचं उलटं आहे, तिला सलग दोन-तीन तास द्यावे लागतात, कांटचं पान मधेच सोडलं की परत पहिल्या ओळीपासून सुरुवात. पोर्तुगालची पोर्तुगीज घ्यायची की ब्राझीलची हेही लवकर ठरवा. पोर्तुगालमधे बोलताना स्वर गिळतात, त्यामुळे ऐकून समजायला वेळ लागतो, ब्राझीलचे उच्चार मोकळे. ऐका दोन्ही, लिहिताना मात्र सरमिसळ नको.

आता खरी गंमत, म्हणजे दोन्ही विषय एकमेकांच्या कामाला लावणं. पोर्तुगीजमधला एखादा वैचारिक उतारा घ्या आणि डिक्शनरी उघडायच्या आधी फक्त वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना गोल करा, 'पोर्तांतु' म्हणजे म्हणून, 'पोरेंय' म्हणजे पण, 'एंबोरा' म्हणजे जरी. एंबोरानंतर क्रियापद सब्जंक्टिव्हमधे (शक्यता, इच्छा, शंका दाखवणाऱ्या रूपात) येतं, तिथे लेखक बहुतेक वेळा समोरच्याचा मुद्दा मान्य करत असतो, स्वतःचा पुढे मांडणार असतो. हे निसटलं की समोरच्याचं मत लेखकाच्या नावावर जातं आणि अख्खा निबंध भलतीकडे.

वाचायला पोर्तुगालचा कवी पेसोआपासून सुरुवात करा (१८८८–१९३५). त्याने वेगवेगळ्या नावांनी लिहिलं आणि प्रत्येक नावाला वेगळी विचारसरणी दिली. त्यातल्या काएइरुची भाषा साधी आहे, नुसतं बघा, विचार करू नका असं तो सांगत राहतो, आता हीसुद्धा एक फिलॉसॉफीच नाही का, यावर मस्त निबंध होतो. मग ब्राझीलचा कादंबरीकार माशादु जी असीस. १८९१ च्या 'किंकस बोर्बा' या कादंबरीत त्याने एक बनावट तत्त्वज्ञान रचून त्या काळच्या पॉझिटिव्हिझमची (विज्ञानाने सिद्ध होतं तेच खरं ज्ञान, या मताची) टर उडवलीय. हे मत मांडणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ कॉम्तचा प्रभाव तिथे इतका होता की ब्राझीलच्या १८८९ च्या झेंड्यावरचं 'सुव्यवस्था आणि प्रगती' हे वाक्यही त्याच्याच विचारातून आलंय.

एक सावधगिरी. पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या जेझुइट धर्मगुरूंची ॲरिस्टॉटलवरची भाष्यं किंवा पोर्तुगीज ज्यू घराण्यातला तत्त्वज्ञ स्पिनोझा, ही नावं विषयाला एकदम फिट वाटतात, पण ती भाष्यं लॅटिनमधे आहेत आणि स्पिनोझाचे मुख्य ग्रंथही. लॅटिन येत नसेल तर प्रबंध त्यावर बेतू नका.

कोर्समधे परदेशी वर्ष असेल तर तिथे फिलॉसॉफीचा निदान एक पेपर स्थानिक मुलांबरोबर घ्या, फक्त एक्स्चेंजवाल्यांच्या वर्गात बसलात तर सगळं इंग्लिशमधेच उरकतं. आणि प्रबंधाला दोन गाइड मिळाले तर पहिल्या ईमेलपासून दोघांनाही त्यात ठेवा, नाहीतर एकाने काढायला लावलेलं चॅप्टर दुसरा परत घालायला लावतो.