हिमेजीचा किल्ला कुटुंबासह पाहण्यापूर्वी

जपानमधील हिमेजीचा किल्ला घरातील सर्वांसह पाहायचा असेल, तर कोण कुठपर्यंत चढणार हे निघण्यापूर्वीच ठरवावे. १६०९ मध्ये इकेदा तेरुमासा या सरदाराने पूर्ण केलेला मुख्य मनोरा बाहेरून पाच मजली दिसतो, पण आत सहा मजले आणि एक तळघर आहे. शत्रूला वर येणे अवघड जावे अशाच बेताने बांधलेले त्याचे लाकडी जिने अरुंद आणि फार उभे आहेत, आणि तेथे लिफ्ट नाही. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना दाराशी पोहोचल्यावर "तुम्ही थांबा" असे सांगणे मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी खालचे सान्नोमारू मैदान आधीच ठरवून ठेवावे. तेथे तिकीट लागत नाही आणि पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्याचा सारा किल्ला तेथून समोर दिसतो. तान्ह्या बाळाची ढकलगाडी मनोऱ्यात नेता येत नाही, म्हणून त्याला अंगाशी बांधण्याची झोळी सोबत असावी.

आपल्याकडे गड चढताना बूट घट्ट बांधतात, येथे मात्र मनोऱ्यात शिरताना ते काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. त्यामुळे सहज निघणारे बूट घालावेत. घासून गुळगुळीत झालेल्या लाकडावर पाय घसरू नये म्हणून तळव्याला पकड असलेले मोजे घ्यावेत, आणि हिवाळ्यात ते जाड असावेत, कारण जमीन फार गार असते. जिन्यावर एक हात कठड्याला मोकळा राहावा म्हणून मोठ्या बॅगा स्थानकावरील लॉकरमध्येच ठेवाव्यात. मनोऱ्यात खाणे-पिणे चालत नाही, म्हणून मुलांना आधीच खाऊ घालावे. शाकाहारी कुटुंबाने दशम्या किंवा खाकरे जवळ ठेवावेत, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो.

ओसाका शहरातील शिन-ओसाका स्थानकाहून शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने साधारण अर्ध्या तासात हिमेजी येते आणि स्थानकापासून किल्ला सरळ रस्त्याने सुमारे एक किलोमीटर आहे. मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांना २५०० येन शुल्क असून १८ वर्षांखालील मुलांना ते माफ आहे, त्यामुळे मुलांच्या वयाचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट, जवळ असावा. चेरीच्या बहरात, एप्रिलच्या आरंभी, गर्दी फार असते. तेव्हा सकाळी ९ वाजता दार उघडण्यापूर्वीच पोहोचावे.

मुलांना आधी घरीच चित्रे दाखवून भिंतींमधील गोल, त्रिकोणी आणि चौकोनी जंग्यांची माहिती द्यावी. बंदुका आणि बाण सोडण्यासाठी ठेवलेली ही भोके शोधत ती वळणावळणाचा चढ न कुरकुरता चढतात. मनोऱ्याच्या तळापासून वरपर्यंत गेलेले दोन महाखांबही त्यांना दाखवावेत. त्यांपैकी पश्चिमेचा खांब १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत बदललेला आहे. थोरांपैकी कोणी थकले असेल, तर त्यांनी मनोरा सोडून पश्चिमेकडील निशिनोमारूची लांब ओसरी पाहावी. जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा इएयासू याची नात सेनहिमे हिचे वास्तव्य या भागाशी जोडलेले आहे, आणि तेथील चालणे मनोऱ्याच्या मानाने बरेच सोपे आहे.