प्रत्येक प्रकल्पाच्या लायब्ऱ्या त्या प्रकल्पापाशीच

सांगलीच्या एका अडत दुकानासाठी हळदीच्या सौद्यांचा हिशेब ठेवणारा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला जुना प्रोग्राम आणि द्राक्षबागेतील फवारण्यांच्या नोंदींचा नवा, असे दोन प्रकल्प माझ्या एकाच संगणकावर होते. नव्यासाठी पांडास ही तक्त्यांतील माहिती हाताळणारी लायब्ररी (प्रोग्रामला जोडायचा तयार कोड) अद्ययावत केली आणि जुना प्रोग्राम बंद पडला. कारण एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या पांडास २.० मधून डेटाफ्रेमला, म्हणजे पांडासमधील तक्त्याला, ओळी जोडणारी ‘अपेंड’ ही सोय काढून टाकलेली आहे. ती जाणार असल्याची सूचना १.४ पासूनच पडद्यावर उमटत होती. मी ती वाचत नव्हतो, इतकेच.

अशा वेळी प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ‘व्हेन्व’ या साधनाने स्वतंत्र आभासी परिसर, म्हणजे फक्त त्या प्रकल्पाच्या लायब्ऱ्या ठेवणारे फोल्डर, तयार करावा. पायथन ३.३ पासून हे साधन सोबतच मिळते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर मात्र त्याचे पॅकेज वेगळे बसवावे लागते. परिसर सुरू केल्यावर कमांडच्या ओळीआधी त्याचे नाव कंसात दिसते. ते दिसल्याशिवाय पिपने, म्हणजे लायब्ऱ्या बसवणाऱ्या साधनाने, काहीही बसवू नये.

खरी काळजी लायब्ऱ्यांच्या याद्यांची घ्यावी लागते. पिपच्या ‘फ्रीझ’ या कमांडने मिळणाऱ्या, बसवलेल्या लायब्ऱ्यांच्या यादीत पांडासबरोबर आपोआप आलेल्या नमपाय, पायटीझेड अशा लायब्ऱ्याही असतात, त्यामुळे सहा महिन्यांनी त्यांतली आपण मागितलेली कोणती, हे कळत नाही. म्हणून एक छोटी यादी हाताने लिहावी: पांडास, १.५ किंवा पुढची, पण २.० च्या आतली. मात्र तेवढ्यावर भागत नाही. पांडास १.५ नमपायवर वरची मर्यादा घालत नाही, त्यामुळे नव्याने बसवताना जून २०२४ मध्ये आलेले नमपाय २.० किंवा त्यानंतरचे येऊ शकते आणि जुना पांडास त्याच्याशी जुळत नसल्याने सुरूच होत नाही. यासाठी चालत्या परिसरातील अचूक आवृत्त्यांची दुसरी यादी फ्रीझने काढून जपावी. पायथनची आवृत्ती या दोन्ही याद्यांत येत नाही; ती वेगळी नोंदवावी.

दोन्ही याद्या गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवाव्यात, परिसराचे फोल्डर ठेवू नये. ते पेनड्राइव्हवरून दुकानातल्या संगणकावर नेण्याचा मोह होतो, परंतु त्यातील फायलींत मूळ संगणकावरचे पूर्ण पत्ते लिहिलेले असल्याने ते तिथे सहसा चालत नाही. त्याऐवजी दुकानात जाण्याआधी आपल्याच संगणकावरचा परिसर पुसून दुसऱ्या यादीवरून पुन्हा उभारावा आणि एका दिवसाच्या सौद्यांचा हिशेब काढून पाहावा.