वेळावदरला निघण्याआधी: लांब लेन्स नव्याने हाताळणाऱ्यांसाठी

१५०-६०० मिमीची झूम लेन्स भाड्याने आणली आणि दुसऱ्याच दिवशी काळवीट टिपायला बडोद्याहून वेळावदर गाठलं, असं करू नका. आधी दोन रविवार कमाटीबागेत किंवा डभोईजवळच्या वढवाणा तलावावर घालवा. ६०० वर समोरचा बगळासुद्धा व्ह्यूफाइंडरमध्ये सापडत नाही. झूम १५० वर आणून पक्षी मध्यभागी घ्यायचा, कॅमेरा न हलवता झूम पुढे न्यायचा, मगच फोकस. उत्तरायणाच्या दिवसांत गच्चीवरून पतंगांचा पाठलाग केलात, तर हात आणखी लवकर बसतो.

वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान सुमारे ३४ चौरस किलोमीटरचं, बहुतेक सपाट गवताळ. १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं. नवख्यांची इथली नेहमीची तक्रार एकच: फोटो मऊ, म्हणजे धारदार नसलेले, येतात. लेन्सला नावं ठेवण्याआधी फोटो शंभर टक्के मोठा करून बघा, कारण चूक हाताची, फोकसची की हवेची, ते तिथेच कळतं.

फोटोतल्या सगळ्या रेषा एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसल्या, तर हात किंवा गाडी हलली. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ६०० चं दृश्य सुमारे ९०० सारखं असतं, म्हणून उभ्या प्राण्यालाही शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा. उधळलेल्या कळपाला १/२००० ते १/२५००. पहाटे एफ/६.३ छिद्रावर त्यासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००-६४०० लागला तरी लागू द्या. त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सुधारत नाही. गाडीचं इंजिन बंद करायला सांगा. खिडकीवर लेन्स टेकवायला बीन बॅग ठेवा: रिकामी पिशवी न्यायची आणि तिथे पोचल्यावर दोन-अडीच किलो तांदूळ भरायचे. गच्च भरली तर लेन्स वरून घसरते, म्हणून थोडी सैल ठेवा. खिडकी उघड्या जिप्सीपेक्षा खाली असल्याने काळविटाच्या नजरेच्या पातळीशी जवळ जाता येतं, हा मोठा फायदा.

पुढची गवताची काडी धारदार आणि डोळा धूसर असेल, तर फोकस चुकला. अशा वेळी एकच फोकस बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा. फोकस लिमिटर, म्हणजे फोकसचं अंतर मर्यादित करणारं लेन्सवरचं बटण, लांबच्या अंतरावर ठेवला की लेन्स जवळच्या काड्यांमागे धावत नाही.

तिसरं कारण हवा, आणि ते सगळ्यांत जास्त फसवतं. एकाच बर्स्टमधल्या, म्हणजे सलग झटपट काढलेल्या, प्रत्येक फोटोत शिंगांची कड वेगळी वाकलेली दिसली, तर जमीन तापून हवा लहरते आहे. महागड्या लेन्सलाही याच्यावर उपाय नाही. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास धरा आणि जवळचेच प्राणी टिपा; लांबच्याला क्रॉप करून, म्हणजे कडा कापून मोठं करून, काही हाती लागत नाही.

नर काळविटाची पाठ काळी, पोट आणि डोळ्याभोवतीचं कडं मात्र शुभ्र. चौकटीत काळी पाठ जास्त आली की कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढऱ्यातला तपशील जातो. रॉ मध्ये (सेन्सरची कच्ची फाइल), एक्सपोजर उणे २/३ स्टॉप, म्हणजे थोडं गडद ठेवून काढा.

कळपाने माना वर केल्या की गाडी जागीच थांबवायची. पुन्हा चरू लागेपर्यंत पुढे जायचं नाही. जागच्या जागी उंच उड्या मारू लागले, तर ते घाबरलेत, मागे फिरा. धावता फोटो हवा म्हणून चालकाला कळपामागे गाडी घालायला सांगणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

धुळीत लेन्स बदलू नका. झूम पुढे-मागे करताना नळी हवा आत ओढते, म्हणून आधी ब्लोअरने (हवेचा फुगा) धूळ उडवा. थंडीत संध्याकाळी हॅरियर, म्हणजे आपले भोवत्या, मुक्कामाला गवतात उतरतात. त्या वेळेसाठी एक बॅटरी आणि एक कार्ड राखून ठेवा.