बारीक केस सारखे चपटे बसतात? या चुका टाळा

सकाळी धुतलेले केस दुपार व्हायच्या आत पुन्हा डोक्याला चिकटून बसतात, ही बारीक केसवाल्यांची नेहमीची तक्रार. मग व्हॉल्यूमची आणखी एक बाटली घरात येते. खरं तर अडचण बहुधा लावायचं काही कमी पडल्याची नसते, जास्त झाल्याची असते. बारीक केस वजन पेलत नाही. त्यावर जे थापाल त्याने तो आणखी झोपतो.

आधी एक घोळ मिटवू. बारीक केस आणि विरळ केस या वेगळ्या गोष्टी आहेत. एकच केस चिमटीत धरून चोळा. हाताला जेमतेम लागला तर तो बारीक. विरळपणा संख्येवर ठरतो. डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात आणि बारीक केसवाल्या कित्येकांची संख्या पुरेशी असते, फक्त मुळं उचललेली नसतात. त्यांनी केस वाढवणाऱ्या तेलांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

धुताना

कंडिशनर मुळांपासून लावणं ही सगळ्यात सर्रास चूक. डोक्याच्या त्वचेतून तेल सुटतच असतं आणि बारीक, सरळ केसावरून ते झटकन खाली उतरतं. कंडिशनर कानांच्या खाली, टोकांकडे लावा आणि नीट धुऊन काढा. याला घाबरून तो अजिबात बंद करू नका, गुंता होऊन केस तुटतील. रात्रभर चोपडलेलं तेल एका शाम्पूत निघालं नाही, तर उरलेला थर दिवसभर केस दाबून ठेवतो. तेल हवंच असेल तर धुण्याआधी तासभर, तेही लांबीवर.

‘रोज धुतलं की केस गळतात’ म्हणून चार-चार दिवस थांबणारेही बरेच. धुताना हातात येतात ते मुख्यतः आधीच सुटलेले केस. दिवसाला 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे. सौम्य शाम्पूने एक दिवसाआड धुतलं तर बिघडत नाही. सिलिकॉनवाले सीरम आणि स्प्रे रोज वापरत असाल, तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा खोल सफाई करणारा क्लॅरिफाइंग शाम्पू वापरा. त्याहून जास्त वेळा नको, केस कोरडे पडतात.

वाळवताना

माझ्या मते खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाचा आकार धरून ठेवणारे सूक्ष्म दुवे, सुटतात आणि वाळताना, केस ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ते पुन्हा जुळतात. ओल्या केसांचा भांग पाडून ते चापूनचोपून विंचरले आणि तसेच वाळू दिले, तर चपटेपणा तुम्हीच पक्का करता. नंतर कितीही स्प्रे मारा.

टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. मूस, म्हणजे केसांना उठाव देणारा फेस, लावायचा तो याच वेळी, ओलसर मुळांना. वाळलेल्या केसांच्या टोकांना लावलात तर नुसती चिकटाई हाती येते. मग मान खाली घालून किंवा मुळं बोटांनी उलट दिशेला उचलत ड्रायर फिरवा. उष्णता मध्यम, अंतर साधारण 15 सेंटीमीटर, आणि ड्रायर एका जागी धरून ठेवायचा नाही. केस जवळजवळ वाळले की मगच गोल ब्रश घ्या; ओल्या केसांत तो फिरवत बसलात तर हात दुखतात आणि केस तुटतात. शेवटी थंड हवा, आणि केस गार होईपर्यंत हात लावायचा नाही. घाई असेल तेव्हा नेमका हाच टप्पा गाळला जातो. भांग सगळ्यात शेवटी, जमल्यास रोजच्या जागेपासून बोटभर सरकवून. वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडला की मुळं तिथे आडवी बसायला सरावतात.

दमट हवेत हे बंध पुन्हा सुटतात. तेव्हा पावसाळ्यात केस संध्याकाळपर्यंत टिकले नाहीत, तर दोष तुमच्या हाताचा नाही.

ड्राय शाम्पू, म्हणजे न धुता तेल शोषून घेणारा स्प्रे, केस चपचपीत झाल्यावर मारण्यापेक्षा थोडा आधी मारा, दोन मिनिटं थांबा, मग बोटांनी चोळा. जवळून मारलात तर पांढरे डाग दिसतील.

खूप लेयर्स मागू नका. बारीक केसांत त्यांनी टोकं शेपटीसारखी होतात. खांद्याच्या आसपास, टोकांना सरळ काप दिलेले केस जास्त भरदार दिसतात. उलटा कंगवा फिरवून केस फुगवण्याची युक्ती मला कधीच पटली नाही. केसाच्या वरच्या आवरणाचे खवले उचकटतात. माथ्यावर दोन-तीन मोठे वेल्क्रो रोलर लावून चहा पिईपर्यंत थांबलात, तरी तेवढाच उठाव मिळतो.

मात्र पूर्वी भरदार असलेले केस अलीकडेच चपटे दिसू लागले, भांग रुंदावला किंवा केस पुंजक्याने येऊ लागले, तर ही स्टायलिंगची चूक नाही. मोठा ताप, बाळंतपण किंवा झपाट्याने घटलेलं वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती सुरू होऊ शकते. लोहाची कमतरता आणि थायरॉईडही कारण असू शकतं. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि रक्ततपासणी करायची का, ते त्यांनाच ठरवू द्या.