बॅगा शिवायला लागायच्या आधी

मी विकलेली पहिली बॅग तिसऱ्या दिवशी परत आली. शेजारच्या काकू ती घेऊन नागपूरच्या कॉटन मार्केटला गेल्या, पाच किलो संत्री भरली आणि एक बंद उपटून हातात आला. बंदाची निवार (जाड विणलेली पट्टी) शाबूत, दोरा शाबूत, फाटलं होतं ते कापड. बंद मी वरच्या दुमडीत एकाच टिपेने अडकवला होता, म्हणून सगळा भार त्या एका ओळीवर आला. आता बंदाचं टोक चार सेंटिमीटर खाली नेते, त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली मारते, आतून कापडाचा जाड तुकडा लावते. शिकायला येणाऱ्या मुलींकडून सगळ्यात आधी हेच करून घेते.

गांधीबागेच्या कापडबाजारात पहिल्यांदा गेलात की खण आणि छापील सुती कापडांकडे हात जाईलच. घ्या, पण नुसतं ते कापड बॅग पेलत नाही. त्याला मागून बकरम (आत लावायचं कडक कापड) किंवा कॅनव्हास हवा. बाजाराच्या पिशवीसाठी मी १० ते १२ औंसांचा सुती कॅनव्हास घेते. चौरस यार्डाला १० औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम. त्याहून जाड घेतलं तर घरच्या मशीनवर चार पदर सरकतच नाहीत.

कापड आणलं की लगेच कापू नका. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. (मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर टाकलं की तासाभरात कोरडं होतं.) सुती कापड आटतं, पॉलिस्टरचं अस्तर आटत नाही. न भिजवता शिवलेली बॅग पहिल्या धुण्यातच आखूड होते आणि अस्तर तोंडातून बाहेर फुगून येतं. मग ती उसवण्याशिवाय इलाज नसतो.

सुईकडे नवीन माणूस बघतच नाही, आणि निम्मा त्रास तिथेच असतो. अस्तराला १४ नंबर, कॅनव्हासला १६, निवारीसकट पदर आले की १८. घरच्या मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, कारखान्याच्या मशीनची सुई गोल दांड्याची. दुकानात कोणत्या मशीनला हवी ते सांगूनच मागा. शिवताना टक्-टक् आवाज यायला लागला की सुई बोथट झाली, लगेच बदला. दोरा पॉलिस्टरचा घ्या, ब्लाउजचा सुती दोरा ओझ्याला पुरत नाही. टीप तीन ते साडेतीन मिलिमीटरची ठेवा. बारीक टीप मजबूत असेल असं वाटतं, पण जवळजवळच्या भोकांमुळे कॅनव्हास तिकीट फाटावं तसा त्या ओळीवर फाटतो.

चेन बॅगेला ५ नंबर, छोट्या पाऊचला ३. मीटरवर मिळते, रनर (चेन उघडबंद करणारी सरकती कडी) वेगळे घ्यावे लागतात. मशीनला एका बाजूचा दाबपाय (झिपर फूट) लावला की टीप चेनच्या दातांजवळून सरळ जाते.

मशीन मात्र लगेच मोठं घेऊ नका. घरातलं जुनं काळं पायमशीन तेलपाणी करून घ्या. मी पहिली दोन वर्षं त्यावरच काढली. पायाने वेग हवा तितका कमी करता येतो, आणि जाड जोडावर आलं की वरचं चाक हाताने फिरवून एकेक टाका घालता येतो. बॅगेचे चारही कोपरे मी अजून असेच ओलांडते.

आता वेळेचं. मी बराच काळ वहीत मिनिटं लिहून ठेवली. अस्तर आणि चेन असलेल्या एका बॅगेला आखणी-कापणी ५० मिनिटं, इस्त्री आणि बकरम चिकटवणं ३०, मशीन ७५, उलटवणं, दोरे कापणं, कोपरे काढणं २५. एकूण तीन तास, आणि मशीनचे त्यातले निम्मेही नाहीत. "कापड तर दोनशेचं, मग सातशे कसे?" असं विचारणाऱ्या ताईंना मी हीच वही दाखवते. तुम्हीही पहिल्या बॅगेपासून लिहा. फक्त मशीनचा वेळ धरून भाव सांगितलात, तर महिन्याच्या शेवटी मजुरी निघत नाही आणि पाठ तेवढी धरते.

बेतासाठी (कापणीच्या साच्यासाठी) कागद वापरू नका, कूलरच्या वाऱ्याने उडतो आणि दमटपणाने वाकतो. पुठ्ठ्यावर बेत काढा, एक सेंटिमीटर माया (शिवणीसाठी सोडायची कड) त्यातच धरा, कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा बाणाने दाखवा. कापडी बंद आणि बॅगेचं अंग उभ्या धाग्यातच कापा, आडव्या धाग्यात कापलेला बंद महिन्याभरात लांबतो.

पहिल्या आठवड्यात बॅग शिवू नका. कॅनव्हासच्या उरलेल्या तुकड्यांवर निवारीचे दहा बंद लावा, चौकोन-फुलीसकट. मग एकेक बंद दोन्ही हातांनी जोर लावून ओढा आणि उजेडात धरून बघा. टिपेची भोकं ताणून मोठी झालेली दिसली, तर आतला तुकडा लहान पडतोय. तो चारही बाजूंनी एकेक बोट वाढवा आणि अकरावा बंद लावा.