वेस माँटगोमेरी ऐकायला कोठून सुरुवात करावी

वेस माँटगोमेरी या अमेरिकन जॅझ गिटारवादकाच्या रेकॉर्ड पुष्कळ आहेत आणि त्या ज्या क्रमाने निघाल्या त्या क्रमाने ऐकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या वादनातील बढत, म्हणजे छोट्या कल्पनेची टप्प्याटप्प्याने होणारी वाढ, एकदा कानाला ओळखता आली की पुढचे काम सोपे होते. म्हणून ज्या रेकॉर्डमध्ये ती सर्वांत उघडपणे दिसते, तेथूनच सुरुवात करावी. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी ज्या शहरात रुजली, त्या कोल्हापूरच्या श्रोत्याला बढत म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे.

पहिली रेकॉर्ड ‘दि इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस माँटगोमेरी’ ही असावी. ती जानेवारी 1960 मध्ये रिव्हरसाइड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर, म्हणजे खर्जातील जाड तारांच्या वाद्यावर, पर्सी हीथ आणि ड्रम्सवर पर्सीचा भाऊ आल्बर्ट हीथ आहे. ऐकण्यासाठी मोबाइलचा स्पीकर वापरू नये, कारण त्यातून बास जवळजवळ नाहीसा होतो आणि बास नसेल तर आवर्तन धरण्यास आधारच उरत नाही. साधे हेडफोन पुरेत.

या रेकॉर्डमधील ‘डी-नॅचरल ब्लूज’ आधी घ्यावे. ब्लूज या जॅझमधील नेहमीच्या गीतप्रकाराचा साचा बारा बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक विभाग) आणि येथे प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन होते. लय सावकाश असल्यामुळे हातावर मात्रा मोजणे कठीण जात नाही. सुरुवातीला गिटारकडे लक्ष न देता बासचे स्वर मोजत राहावे. आवर्तन संपून पुन्हा पहिल्या बारवर सगळे येतात ती जागा ठळक थाप देऊन दाखवली जातेच असे नाही, तरीही चारसहा आवर्तनांनंतर मान आपोआप समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहू लागते. हे साधेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये.

त्यानंतर ‘वेस्ट कोस्ट ब्लूज’ ऐकावे. त्याची चाल तीन मात्रांची आहे आणि त्यातील वेसचा सोलो, म्हणजे एकट्याचे उत्स्फूर्त वादन, तीन टप्प्यांत चढतो. पहिल्या टप्प्यात एकेक सुटा स्वर घेत वाक्ये बांधली जातात. दुसऱ्यात ऑक्टेव्ह येतात, म्हणजे एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी वाजतो. तिसऱ्या टप्प्यात संपूर्ण कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या अनेक स्वरांच्या गुच्छांत, चाल उमटते. गिटारवादकांमध्ये ऑक्टेव्हचा इतका बोलबाला झाला आहे की पुष्कळजण त्यांचीच वाट पाहत बसतात आणि पहिला टप्पा वाया घालवतात. वास्तविक पुढच्या दोन्ही टप्प्यांचे बी तेथेच पेरलेले असते.

हे ऑक्टेव्ह कसे निघतात हे घरी गिटार असल्यास अवश्य करून पाहावे. डाव्या हाताची दोन बोटे एक तार सोडून दोन तारांवर ठेवावीत, मधली तार बोटाच्या कडेने दाबून मुकी करावी आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने तिन्ही तारांवरून खाली यावे. वेस प्लेक्ट्रम, म्हणजे तारा छेडण्याची चपटी पट्टी, वापरत नसे. तो अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवी, त्यामुळे स्वराची सुरुवात बोथट आणि ऊबदार लागते. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून त्याने ही सवय लावून घेतली असे सांगतात. त्याच्या आधीच्या पिढीतील जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चनचे सोलो त्याने रेकॉर्डवरून कानाने उचलले होते आणि त्याला नोटेशन वाचता येत नव्हते, ही बाब आपल्याकडच्या शिष्यपरंपरेत वाढलेल्या माणसाला मुळीच नवलाची वाटू नये.

तिसरा धडा तुलनेचा आहे. ‘फोर ऑन सिक्स’ ही त्याची स्वतःची रचना याच 1960 च्या रेकॉर्डवर आहे आणि 1965 च्या ‘स्मोकिन अ‍ॅट द हाफ नोट’वरही आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. दुसरीत विंटन केलीचा पियानो, पॉल चेंबर्सचा बास आणि जिमी कॉबचे ड्रम्स असल्यामुळे साथीचा रेटाच निराळा आहे. या रेकॉर्डच्या नावाने मात्र फसू नये: मूळ तबकडीवरील पाचांपैकी दोनच रचना न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबमधील आहेत आणि उरलेल्या तीन, ‘फोर ऑन सिक्स’सह, व्हॅन गेल्डर स्टुडिओत झाल्या. क्लबमधील दोहोंपैकी ‘नो ब्लूज’ सुमारे तेरा मिनिटांचे असून माझ्या मते वेसचे सर्वोत्तम ध्वनिमुद्रण तेच होय. बारा बारांचा तोच साचा, पण आता तो मोजावा लागत नाही आणि वेस एखादी छोटी आकृती धरून ती लयीवर मागेपुढे कशी सरकवतो इकडे लक्ष देता येते.

मैफलीचा माहोलच हवा असेल तर ‘फुल हाऊस’ घ्यावी. ती 25 जून 1962 रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथील त्सुबो या कॉफीहाऊसमध्ये श्रोत्यांसमोर झाली आणि तिच्यात जॉनी ग्रिफिनचा सॅक्सोफोन आहे. मेल राइनच्या ऑर्गनसोबतच्या ‘बॉस गिटार’ला नंतर केव्हाही वेळ देता येईल.

शेवटच्या वर्षांतील रेकॉर्ड मात्र सर्वांत शेवटी ठेवाव्यात. 1967 च्या ‘अ डे इन द लाइफ’मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या चाली ऑक्टेव्हमध्ये आणि भोवती तंतुवाद्यांचा ताफा असा मामला आहे. तो खूप खपला, जाणकारांनी नाके मुरडली, आणि पुढच्याच वर्षी जून महिन्यात वयाच्या 45 व्या वर्षी वेस हृदयविकाराने गेला. मला त्यातला बढतीचा अभाव खुपतो, स्वर खुपत नाही. संध्याकाळी कोल्हापुरातील रंकाळा तलावावर फेरी मारताना, भेळेच्या गाड्यांच्या गलबल्यात, हीच रेकॉर्ड चालून जाते. ‘नो ब्लूज’ तेथे लावू नये.